'हार्टचं पोरगं' आणि दाताआधीची गोळी: खबरदारीच्या नावाखाली चाललेला गोंधळ

उचगाव, गांधीनगर, वळिवडे या पट्ट्यातून मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांकडून एक वाक्य मला वारंवार ऐकायला मिळतं. "डॉक्टर, पोराचा दात काढायचाय. पण त्याला दमा हाय. आधी अँटिबायोटिकचा कोर्स लिहून द्या की." दम्याच्या जागी कधी फिट्स असतात, कधी साखर, तर कधी "बारीक असताना हृदयात आवाज येत होता" एवढंच असतं.

दुसरं वाक्य कमी वेळा येतं, पण ते जास्त गंभीर आहे. "दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, हार्टचं पोरगं आहे, आम्ही हात लावणार नाही. सूज उतरायला गोळ्या दिल्यात."

पहिल्या वाक्यातल्या मुलाला गरज नसताना पाच दिवसांचं औषध मिळतं. दुसऱ्या वाक्यातल्या मुलाला खरी गरज असते, पण त्याला उपचारच मिळत नाहीत. आणि दोन्हीकडे कारण एकच सांगितलं जातं: "खबरदारी म्हणून." माझं मत स्पष्ट आहे. ही खबरदारी नाही. निर्णय घ्यायची जबाबदारी टाळायची ही सोपी वाट आहे, आणि तिची किंमत मुलं मोजतात.

मुळात ही गोळी कशासाठी?

आपल्या सगळ्यांच्या तोंडात जंतू असतात. दात काढताना किंवा हिरडीखाली साफ करताना रक्त येतं, तेव्हा त्यातले काही जंतू थोडा वेळ रक्तात जातात. निरोगी शरीर त्यांचा काही मिनिटांत निकाल लावतं. पण हृदयात कृत्रिम झडप असेल, किंवा काही विशिष्ट जन्मजात दोष असतील, तर तिथे जंतूंना चिकटून बसायला जागा मिळते. मग हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग होतो. याला 'इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस' म्हणतात.

हा आजार क्वचित होतो, पण झाला तर वाईट. बहुतेकदा चार ते सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागतात. झडप खराब होऊ शकते, जंतूंची गुठळी मेंदूपर्यंत जाऊ शकते, काही वेळा पुन्हा ऑपरेशन करावं लागतं आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून या भीतीला मी कधीच हसत नाही. भीती खरी आहे. ती कोणासाठी खरी आहे, हा प्रश्न आहे.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने दातांच्या उपचारांआधी अँटिबायोटिक द्या, असा सल्ला पहिल्यांदा १९५५ साली दिला. नंतरची अनेक वर्षं हृदयात काहीही दोष असला की औषध, अशीच पद्धत होती. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. जंतू फक्त दात काढतानाच रक्तात जातात असं नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत दात घासल्यावर २० ते ६८ टक्के वेळा आणि नुसतं अन्न चावल्यावरही ७ ते ५१ टक्के वेळा रक्तात जंतू सापडले. मूल रोज दोनदा दात घासतं आणि तीन-चारदा जेवतं. वर्षातून एकदा दातांच्या खुर्चीत बसताना दिलेली गोळी उरलेल्या ३६४ दिवसांचं काय करणार?

म्हणून २००७ मध्ये ही यादी खूप छोटी केली गेली. २०२१ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हाही ती छोटीच ठेवली गेली. आपल्याकडे मात्र अजून १९९० सालातलीच सवय चालू आहे.

गोळी कोणाला हवी?

पुढीलपैकी काही असेल तरच:

१. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे, किंवा झडपेच्या दुरुस्तीसाठी कृत्रिम रिंग वगैरे वापरली आहे.

२. एंडोकार्डायटिस आधी एकदा होऊन गेला आहे.

३. मूल 'निळं' पडणाऱ्या जन्मजात हृदयदोषाचं आहे आणि पूर्ण दुरुस्तीचं ऑपरेशन झालेलं नाही. तात्पुरता शंट टाकलेली मुलंही यातच येतात.

४. जन्मजात दोष पॅच किंवा डिव्हाइस घालून बंद केला आहे आणि त्याला अजून सहा महिने झालेले नाहीत.

५. ऑपरेशन झालं, पण पॅचच्या किंवा डिव्हाइसच्या कडेला गळती राहिली आहे.

६. फुप्फुसाच्या धमनीत कृत्रिम झडप किंवा झडपेची नळी बसवली आहे.

७. हृदय प्रत्यारोपण झालं आहे आणि नव्या हृदयाच्या झडपेत दोष आहे.

आणि कोणाला नको?

ही यादी मोठी आहे. बहुतेक पालकांची मुलं याच यादीत असतात.

- डॉक्टरांनी 'आवाज येतो, पण काळजीचं कारण नाही' असं सांगितलेलं मूल.
- हृदयाच्या पडद्याला छोटं भोक आहे, मूल निळं पडत नाही आणि ऑपरेशनची गरज पडलेली नाही.
- भोक पूर्ण बंद झालं, सहा महिने उलटले आणि इकोमध्ये गळती नाही.
- दमा. इथे गोळीपेक्षा पंप सोबत आणणं महत्त्वाचं.
- फिट्स. रोजचं औषध त्या दिवशीही वेळेवर द्यायचं. काही औषधांनी हिरड्या सुजतात, ते दंतवैद्यांना सांगायचं.
- साखर आटोक्यात असलेला लहान मुलांचा मधुमेह. सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि इन्सुलिन चुकवू नका.
- हाड मोडल्यावर बसवलेली प्लेट किंवा रॉड.
- मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी नळी, म्हणजे व्ही. पी. शंट. हीच नळी हृदयाकडे सोडलेली असेल तर मात्र औषध लागतं. त्यामुळे नळी कुठे जाते हे कागदावर बघा.

मधली काही मुलं आहेत. कॅन्सरची औषधं चालू असलेली, अवयव प्रत्यारोपण झालेली, प्लीहा काढलेली, बराच काळ स्टेरॉइड घेणारी. त्यांच्याबाबत सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. त्या आठवड्यातला रक्ताचा रिपोर्ट पाहून त्यांच्या तज्ज्ञांनीच ठरवायला हवं. अशा वेळी फोन उचलून विचारायला डॉक्टरांना पाच मिनिटं लागतात. पाच दिवसांचा कोर्स लिहायला एक मिनिट लागतं. गडबड इथेच होते.

संधिवाताच्या तापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापाने, झडप खराब झालेली मुलं आपल्याकडे अजून दिसतात. त्यांची स्वतःची झडप असेल तर ती अमेरिकेच्या यादीत बसत नाहीत. युरोपच्या २०२३ च्या सूचनांमध्ये अशा रुग्णांचा निर्णय व्यक्ती पाहून घ्यावा असं म्हटलं आहे. आपले अनेक हृदयरोगतज्ज्ञही तसंच वागतात आणि मला ते योग्य वाटतं. पण एक लक्षात ठेवा. दर २१ दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन पुन्हा ताप येऊ नये म्हणून असतं. ते दातासाठीचं संरक्षण नाही. या मुलांना दाताआधी औषध द्यायचं ठरलंच, तर बहुधा वेगळ्या गटातलं द्यावं लागतं.

प्रत्येक उपचाराआधी गोळी लागत नाही

यादीतल्या मुलांनाही औषध फक्त हिरडी किंवा दाताच्या मुळाच्या टोकाशी छेडछाड होणार असेल, किंवा तोंडातलं आवरण कापलं जाणार असेल तेव्हाच लागतं. दात काढणं, हिरडीखालची सफाई, मुळाच्या टोकापलीकडे जाणारं काम. एक्स-रे काढणं, निरोगी जागी भुलीचं इंजेक्शन, काढता-घालता येणारी तार किंवा कवळी बसवणं, दाताला ब्रॅकेट चिकटवणं, यासाठी नको. दुधाचा दात आपोआप पडला, खेळताना पडून ओठ फुटला, तरी नको.

एक डोस म्हणजे एकच डोस

बहुतेक पालकांना आणि खेदाने सांगतो, काही डॉक्टरांनाही हे माहीत नसतं. दाताआधीचं संरक्षण म्हणजे कोर्स नव्हे. तो एक मोठा डोस असतो, उपचाराच्या ३० ते ६० मिनिटं आधी. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर अमॉक्सिसिलिन, दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ७५० मिलिग्रॅम लागतात. घरात उरलेल्या सर्दीच्या बाटलीतला अर्धा चमचा देऊन 'दिलं बाई औषध' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. अर्थात हे गणित तुम्ही घरी करण्यासाठी मी दिलेलं नाही. डोस डॉक्टरच ठरवतील, त्या दिवशीचं वजन बघून. ॲलर्जी असेल तर दुसरी औषधं आहेत. पूर्वी त्यासाठी वापरलं जाणारं क्लिंडामायसिन २०२१ मध्ये अमेरिकेच्या यादीतून काढून टाकलं, कारण त्याचे दुष्परिणाम जास्त.

उपचारानंतर काही नाही. तीन दिवस नाही, पाच दिवस नाही. आधी द्यायचं राहून गेलंच, तर उपचारानंतर दोन तासांच्या आत देता येतं. दाताच्या मुळाशी पू झाला आहे, चेहरा सुजला आहे, ताप आहे, तर तो संसर्गाचा उपचार झाला. ती गोष्ट वेगळी आणि तिचा हिशेबही वेगळा.

"दिली तर बिघडतं काय?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बिघडतं. तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, औषध निरुपद्रवी नसतं. जुलाब, अंगावर पित्त, क्वचित जिवावर बेतणारी रिॲक्शन. धोका लहान आहे, मान्य. पण ज्या मुलाला फायदा शून्य आहे, त्याच्या बाबतीत लहान धोकाही फुकटचाच.

दुसरी, औषधांना दाद न देणारे जंतू. २०१९ या एका वर्षात अशा जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. हे कुठल्यातरी लांबच्या देशातलं प्रकरण नाही. साध्या लघवीच्या संसर्गाला पूर्वी पोटातून घ्यायचं औषध पुरत होतं, तिथे आता ॲडमिट करून सलाईन लावायची वेळ येते. हा अनुभव तुमच्याही घरात कुणाला तरी आला असेल.

तिसरी गोष्ट हृदयाच्या मुलांसाठी फार महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मूल नुकतंच अमॉक्सिसिलिन घेत असेल, तर तोंडात त्या औषधाला न जुमानणारे जंतू शिल्लक राहतात. मग दाताआधीचा तो एक महत्त्वाचा डोस लागू पडेल याची खात्री राहत नाही. म्हणून सूचना अशी आहे, की कोर्स संपल्यावर शक्यतो दहा दिवस थांबून दाताचं काम करा, किंवा वेगळ्या गटातलं औषध वापरा. म्हणजे सर्दीला, खोकल्याला, 'खबरदारी म्हणून' दिलेला प्रत्येक कोर्स त्या मुलाची खरी ढाल कमकुवत करतो. ज्याला अँटिबायोटिकची सगळ्यात जास्त गरज पडू शकते, त्यालाच आपण ती उगाच खर्च करून टाकतो.

खरा गुन्हा: हात न लावणं

आता 'आम्ही हात लावणार नाही' या वाक्याकडे येतो.

हृदयाच्या मुलांचे दात लवकर किडतात, आणि त्याला कारणं आहेत. वजन वाढत नाही म्हणून आई दर दोन तासांनी काहीतरी गोड भरवते. बाटलीत साखरेचं दूध, बिस्किट, गुळाचा खडा. (कोल्हापुरात हे लिहायला धाडस लागतं, पण लिहितो. गुळानेही दात किडतात. त्यातलं लोह दाताला वाचवत नाही.) वर्षानुवर्षं चालणारी औषधं बहुधा गोड सिरपमधली, आणि त्यातलं एखादं रात्री झोपताना. घरच्यांचं सगळं लक्ष ऑपरेशनवर, पैशांवर, मुंबई-पुण्याच्या फेऱ्यांवर. दात कोण बघणार? "दुधाचे तर आहेत, पडतीलच."

मग एक दिवस गाल सुजतो. दंतवैद्य हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी मागतात. हृदयरोगतज्ज्ञांची पुढची तारीख तीन महिन्यांनी असते. मधल्या काळात गोळ्या. सूज उतरते, पुन्हा चढते, पुन्हा गोळ्या. आई पोराला घेऊन केएमटीने सीपीआरला, तिथून खासगीत, तिथून परत गावात. आणि या सगळ्या काळात किडलेला दात जागेवरच असतो. प्रत्येक घासाला त्याच्यातून जंतू रक्तात जात असतात. ज्या आजाराच्या भीतीने हात लावला नाही, त्याच आजाराला ही रोजची वाट मोकळी करून दिलेली असते.

काही मुलं रक्त पातळ करणारी औषधं घेतात, त्यामुळे रक्तस्रावाची भीती वाटते. त्यासाठी आय.एन.आर. तपासायची सोय आहे आणि हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून नियोजन करता येतं. पालकांनी ही औषधं स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. पण नियोजन अवघड आहे म्हणून उपचारच नाकारणं हे उत्तर होऊ शकत नाही.

उलट बाजूचं म्हणणं

माझ्या मताला विरोध करणारे डॉक्टर आहेत आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २००८ मध्ये सगळ्यांसाठीच हे औषध नको म्हटलं होतं. त्यानंतर तिथे एंडोकार्डायटिसचे रुग्ण वाढल्याचं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. वाढीचं कारण हेच, असं सिद्ध झालं नाही. पण २०१६ मध्ये संस्थेने शब्द सैल केले: 'सरसकट नको'. २०२२ मधल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात जास्त धोका असलेल्या प्रौढांमध्ये, विशेषतः दात काढण्याआधी औषध घेतलेल्यांत, हा आजार कमी आढळला.

हे सगळं मला मान्य आहे. त्यातून निष्कर्ष काय निघतो? जास्त धोका असलेल्याला तो एक डोस न चुकता मिळायला हवा. दम्याच्या मुलाला पाच दिवसांचा कोर्स द्या, असं यातला एकही अभ्यास सांगत नाही.

"गावाकडे इको रिपोर्ट कुठून आणायचा? माहिती नाही म्हणून देतो," असंही सांगितलं जातं. ही अडचण खरी आहे. पण तिचा इलाज माहिती मिळवणं हा आहे.

मग कोणी काय करायचं?

हृदयरोगतज्ज्ञ आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांना माझी जाहीर विनंती आहे. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लिहा: "रक्त येणाऱ्या दंतोपचाराआधी अँटिबायोटिक: हवं की नको, हवं असल्यास कोणत्या तारखेपर्यंत." एवढ्या एका ओळीने तीन महिन्यांच्या फेऱ्या वाचतील. आणि ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आधी दात तपासून, नीट करून घ्या.

दंतवैद्यांनी चिठ्ठी मागावी, पण मूल परत पाठवू नये. ते स्वतः फोन करू शकतात. एकाहून जास्त दात काढायचे असतील तर शक्य तेवढं काम एका बैठकीत केलं, की एका डोसमध्ये भागतं.

औषध दुकानदारांनी, पाकिटावरची लाल रेघ चिठ्ठीशिवाय औषध न देण्यासाठी आहे, हे लक्षात ठेवावं.

सरकारी यंत्रणेकडेही साधन आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासली जातात. तपासायच्या यादीत जन्मजात हृदयरोग आहे, ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे आणि दातही आहेत. एकाच पथकाच्या हातात हृदय आणि दात दोन्ही येतात. हृदयदोष सापडलेल्या मुलाच्या कार्डावर 'दंततपासणी झाली का' हा प्रश्न जोडायला नवा निधी लागत नाही.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी:

- पुढच्या तपासणीला जाल तेव्हा विचारा, "दाताआधी गोळी लागते का?" उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
- गोळी लागत नाही असं सांगितलं, तर ती मागू नका. न देणारा डॉक्टर कामचुकार नसतो.
- पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्यांना दाखवा. मूल हृदयाचं असेल तर दर सहा महिन्यांनी, किंवा ते सांगतील तसं.
- दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने तुम्ही स्वतः घासून द्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. मिश्री मुलाच्या तोंडाला लावू नका.
- गोड सिरप दिल्यावर पाणी पाजा. झोपताना तोंडात दुधाची बाटली नको.
- हृदयदोष असलेल्या मुलाला कारण न कळता काही दिवस ताप येत राहिला, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. आधी डॉक्टरांकडे न्या आणि हृदयाचा दोष आवर्जून सांगा. औषध सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यावं लागतं. नाहीतर हा आजार पकडणं अवघड होतं.

तुमच्या मुलाचा हृदयाचा कागद घरात कुठेतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल. आज तो काढा आणि वरच्या सात मुद्द्यांशी ताडून बघा. कळलं नाही तर कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा. दात दुखायला लागण्याआधी भेटा.